शेवटच्या गाडीचा चहा

पुढे जायला जागा असूनही मागे राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या गल्लीतून त्यांची जुनी बुलेट यायची आणि पुढे डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एखादी म्हातारी चालत असली, तर हे तिच्या मागे पहिल्या गिअरवर, दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत. हॉर्न वाजवायचा नाही. शेवटी ती म्हातारीच वैतागून वळायची, "जा की रे पुढं, कानाशी काय धडधड लावलीस." हे म्हणायचे, "तू हो. मला कुठं काय गाठायचंय."

बँकेत पासबुक भरायला गेले की मागून येणाऱ्या प्रत्येकाला "तुम्ही व्हा, तुम्ही व्हा" म्हणत स्वतः रांगेच्या टोकाला. लग्नात यजमान हाताला धरून पहिल्या पंगतीला न्यायचे, हे हात सोडवून घ्यायचे आणि वाढप्यांबरोबर शेवटच्या पंगतीला बसायचे. गावात त्यांच्याबद्दल मत असं होतं की माणूस डोक्याने थोडा सरकलेला आहे, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आमच्या ग्रुपमध्ये त्यांना शेपूटकाका म्हणत. ग्रुप म्हणजे विरार-नालासोपाऱ्याच्या फ्लॅटांत राहणारे, आठवडाभर मुंबईत खुर्च्या झिजवणारे आणि रविवारी सकाळी अंगात येणारे पंधरा-वीस जण. अंगात आलं की जाकिटं चढवायची, गुडघ्यांना पॅड बांधायचे, विरार फाट्याजवळच्या पेट्रोल पंपावर जमायचं आणि जव्हार नाहीतर डहाणू गाठून दुपारच्या जेवणाला परत. मी एका विमा कंपनीत लोकांचे क्लेम फेटाळायचं काम करते. चाळिशीला टेकल्यावर मोटरसायकल शिकले. नवऱ्याचं मत होतं की हे खूळ महिन्याभरात उतरेल. त्यानंतर त्याने या विषयावर मतच दिलं नाही. रविवारी मी निघते तेव्हा तो झोपलेला असतो आणि परत येते तेव्हा टीव्ही चालू असतो.

पहिल्या दिवशी पंपावर सगळ्यांच्या चकचकीत गाड्यांमध्ये ही म्हातारी बुलेट पाहिली आणि मला वाटलं, हे पेट्रोल भरायला आलेत. साठी ओलांडलेला, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. जाकीट नाही, स्वेटर. हँडलला मधोमध एक सोनचाफ्याचं फूल खोचलेलं. त्यांच्या वाडीत सोनचाफा होता, फुलं रोज अंधारात काढून दादरला पाठवावी लागत. चाफ्याला रविवार कळत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून ते आमच्यात सगळ्यांत आधी उठलेले असत आणि पंपावर मात्र सगळ्यांत उशिरा पोचत.

"नवीन?" त्यांनी मला विचारलं.

"हो काका. भीती वाटते थोडी."

"मग बरोबर. मी तुझ्या मागं. आरशात बघत राहा, बाय. मी दिसतोय तोवर तू चुकली नायस."

त्यानंतर दोन वर्षं ते माझ्या आरशात होते.

ताफ्याने गाड्या चालवताना एक नियम असतो, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येकाने आपल्या आरशातला एक दिवा सांभाळायचा. भर दिवसासुद्धा सगळ्यांचे हेडलाइट चालू ठेवायचे. मागच्याचा दिवा दिसतोय तोवर चालत राहायचं. दिसेनासा झाला की वेग कमी करायचा, तरी नाही दिसला तर थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढच्याच्या आरशातून तुम्ही जाता, मग तो थांबतो, आणि असं करत सगळा ताफा थांबतो. सगळ्यांच्या शेवटी जो असतो त्याने कुणी बंद पडलं की तिथेच उभं राहायचं, तो सुरू होईपर्यंत. या माणसाला इंग्रजीत काहीतरी भारदस्त नाव आहे. आम्ही शेपूट म्हणत होतो, आणि ते काम काका कुणाला करू देत नसत.

त्यांच्या बुलेटला दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या झोळ्या. एकीत क्लचची वायर, ट्यूब, पाने, हवेचा पंप. दुसरीत सुकेळी, म्हणजे आमच्या वसईची ती वाळवलेली केळी. कुणी रस्त्याच्या कडेला बंद पडलं की काका आधी गाडीला हात लावत नसत. आधी सुकेळं हातात ठेवायचे. "गाडी नंतर. माणूस आधी बंद पडतो," म्हणायचे. एकदा वरई फाट्याच्या अलीकडे माझी चेन उतरली आणि मी रडकुंडीला आले, तेव्हा त्यांनी मला दगडावर बसवून सुकेळं पूर्ण खायला लावलं आणि तोवर स्वतः गाडीकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, जुनी एखादी गोष्ट वगैरे. काही नाही. नुसते उभे.

गाडीशी बोलणाऱ्या माणसांवर त्यांचा राग. आमचा अॅडमिन, म्हणजे विरारमध्ये फ्लॅट विकणारा एक दणकट तरुण, आपल्या गाडीला "माय बेबी" म्हणायचा. काका मला हळूच म्हणाले, "लोखंडाशी काय बोलायचं? लोखंड कधी विचारतं का, जेवलास का म्हणून?" तेव्हा मी हसले होते.

दुसरा नियम चहाचा. मनोर सोडून विक्रमगडच्या रस्त्याला लागलं की एका वळणानंतर उतारावर मावशीची टपरी. मावशी तिथल्याच पाड्यावरची. कुडाची भिंत, वर पत्रा, बाहेर सागाच्या ओंडक्यांचा लांब बाक. शेवटची गाडी आल्याशिवाय चहा टाकायचा नाही, हा नियम. एकेक गाडी यायची, हेल्मेटं बाकावर लागायची आणि सगळे वळणाकडे बघत बसायचे. मावशी पातेल्यात दूध ओतून हातात काडेपेटी घेऊन उभी. कुणी म्हणायचं, "मावशी, टाका हो, येतीलच ते." ती म्हणायची, "थांब ना जरा. एक यायचाय."

मग वळणावरून ती धडधड ऐकू यायची. बाकावर एकदम गलका. काका उतरायचे, हेल्मेटची काच वर करायचे आणि म्हणायचे, "आलो मी. टाका आता."

आठवडाभरात त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यांत रुबाबाचं वाक्य असावं. ते म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की हा इथला मालक आहे आणि बाकी सगळे पाहुणे. एरवी तो चेहरा कुठे दिसायचा नाही.

पुढे मी बरी चालवायला लागले आणि मला ताफ्यात वरची जागा मिळाली. माझ्या जागी, काकांच्या बरोबर पुढे, नवीन मुलं येत गेली. ग्रुप वाढला. हेल्मेटमध्ये बोलायची यंत्रं आली. आता पुढचा मागच्याला कानातच सांगायचा, खड्डा आहे, ट्रक आहे. काकांकडे ते यंत्र नव्हतं. साधा फोन होता, तोही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून झोळीत, बंद करून. "चालू ठेवला तर संपतो," असं त्यांचं म्हणणं.

थंडीतला एक रविवार होता. जव्हारला निघालो होतो. मनोरच्या पुढे काकांच्या मागच्या चाकात खिळा गेला. ताफ्यातल्या कुणाचं चाक बसलं असतं तर शेपूट त्याच्याजवळ थांबली असती. शेपटीच्या मागे कोण असतं? त्यांच्या पुढच्या मुलाने आरशात बघायचं होतं. त्याने बघितलंही. त्याला दिवा दिसला. पण तो दिवा काकांचा नव्हता. बोईसरकडचा कुणी एकटा मोटरसायकलवाला आमच्या मागे येत होता, त्याला ताफ्याच्या मागोमाग चालायला बरं वाटलं आणि तो काकांच्या रिकाम्या जागेत येऊन बसला. त्या नवीन मुलाच्या आरशात दिवा, त्याच्या पुढच्याच्या आरशात त्याचा दिवा, माझ्याही आरशात माझ्या मागच्याचा दिवा. नियम सगळ्यांनी पाळला. कुणाचंच काही चुकलं नाही आणि काका मागे राहिले.

टपरीवर तो परका माणूसही थांबला. हेल्मेट काढून बाकाच्या टोकाला बसला. याला वाटलं तो त्याचा मित्र, त्याला वाटलं याचा. अॅडमिनने गाड्या मोजल्या, भरल्या. मी टपरीच्या मागच्या हातपंपावर तोंड धूत होते. मावशी तेव्हा अॅडमिनला काय म्हणाली ते मला नंतर कळलं. "तुमचा मागचा नाय आला ना अजून."

"आले सगळे, मावशी. टाका."

"मला नाय दिसला तो."

"अहो मोजल्या गाड्या. टाका, उशीर होतोय."

मावशीने टाकला. मी येऊन बसले तर माझ्याही हातात ग्लास आला. चहा आला म्हणजे काका आले, इतकं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. मी प्यायले. गप्पा चालू होत्या. ग्लास टबात पडायला लागले आणि तेवढ्यात वळणावर धडधड झाली.

अॅडमिन एकदा गाड्यांकडे बघतो, एकदा त्या परक्या माणसाकडे. तो बिचारा उभा राहिला, काय झालंय हे न कळता.

काका उतरले. हात कोपरापर्यंत काळे झालेले. काच वर केली. "आलो मी," म्हणाले आणि मग त्यांना टबातले ग्लास दिसले. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मग म्हणाले, "झाला का? बरं झालं. गरम गरम झाला ना?"

मावशीने घाईघाईने पुन्हा दूध चढवलं. काका म्हणाले, "नको गं. माझ्या एकट्यासाठी कुठं." सगळे सॉरी काका, सॉरी काका करत होते. ते हसत होते. त्या परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला म्हणाले, "बरं झालं तू होतास. जागा भरून निघाली." हे ते टोमणा म्हणून बोलले नव्हते, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. परतीच्या वाटेवर ते शेवटीच होते. मी अर्धा रस्ता आरशात बघत चालवलं, पण मध्ये इतक्या गाड्या होत्या की त्यांचा दिवा कुठला ते ओळखू आलं नाही.

पुढच्या रविवारी ते पंपावर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. अॅडमिनने ग्रुपवर मेसेज टाकला, हात जोडलेली पाच-सहा चित्रं लावून. काकांच्या फोनवर तो दिसायचा संबंधच नव्हता. मग तो मला म्हणाला, "ताई, वयही झालंय त्यांचं. आपण त्यांना मधे घेऊ ना. सेफ." मी त्याला म्हटलं, त्यांना मधे चालवणं म्हणजे पुजाऱ्याला प्रसादाच्या रांगेत उभं करणं. त्याला पटलं नाही. मलाही तेव्हा नक्की माहीत नव्हतं की मी काय बोलतेय.

मी नंदाखालला गेले. वाडीत शिरल्यावर चाफ्याचा वास, मागे केळी, मधे बसकं कौलारू घर. शेजारी भावाचं घर होतं तिथे आता कुलूप. भावाने त्याचा वाटा विकून वसई स्टेशनजवळ टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता. काका ओट्यावर बसून फुलं मोजून पानात बांधत होते.

"ये बाय. चहा घेशील? पन्नास झाली की उठतो."

मी म्हटलं, "रागावलात का?"

"कुणावर? पोरांवर? छे."

"मग येत का नाही?"

ते बोटांनी फुलं सरकवत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं सरळ सांगितलं की मला खाली बघायला लागलं.

"आमची ही होती तोवर काय व्हायचं, मी वाडीतनं कितीपण उशिरा आलो तरी ही ओट्यावर. ताट वाढलेलं, पण जेवलेली नाय. मी ओरडायचो, जेवून घे ना, कशाला थांबतेस. ती गेली. मग दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. एक दिवस मी मुद्दाम उशिरा आलो. कामं संपलेली, तरी बसून राहिलो मागच्या बांधावर. काळोख झाला तेव्हा आलो." त्यांनी एक फूल उचलून पानावर ठेवलं. "कोणी विचारलं नाय, उशीर का झाला."

त्यांनी पान बांधून बाजूला ठेवलं.

"मग तुमच्यात आलो. पहिल्या दिवशी गाडी जुनी म्हणून मागं राहिलो. पोचलो तर सगळी जत्रा माझ्याकडं बघत बसलेली. त्या मावशीच्या हातात काडेपेटी. म्हणाली, या, तुमच्यासाठी अडलंय." ते हसले. "मला म्हणाली, तुमच्यासाठी अडलंय."

वाडीत कुठेतरी पंप चालू होता. ते म्हणाले, "आता कळलं ना, माझ्यावाचून अडत नाय. त्यांची चूक नाय त्यात. पण कळल्यावर परत कसं जायचं?" मग मला विचारलं, "तुझ्या घरी विचारतात ना? उशीर झाला तर?"

"हो," मी म्हटलं. ते पुरतं खरं नव्हतं. आदल्या वर्षी माझी गाडी घाटात बंद पडून मी अंधार पडल्यावर घरी पोचले होते, तेव्हा नवऱ्याने टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं होतं की वरण फ्रिजमध्ये आहे.

निघताना मी म्हटलं, "रविवारी मी मावशीकडे जाणार आहे. ग्रुप नाही, मी एकटीच. तुम्ही येईपर्यंत मी चहा घेणार नाही. नाही आलात तर तशीच परत येईन."

"दोघांत शेपूट कसली, बाय?"

"ते मला माहीत नाही. मी थांबणार."

ते आले. त्यानंतर पुष्कळ रविवार आम्ही दोघंच गेलो. ग्रुप मी सोडला. कारण कुणाला सांगितलं नाही. काही गोष्टी ग्रुपवर टाकायच्या नसतात. मी पुढे, ते मागे, वळणापर्यंत त्यांचा दिवा माझ्या आरशात नीट असायचा. पण मी टपरीवर पोचून हेल्मेट काढून बाकावर बसले तरी त्यांचा पत्ता नसायचा. चांगला वेळ जायचा. मला वाटायचं, वय झालं, वळणावर जपून येतात. मावशी काडेपेटी घेऊन उभी, मी वळणाकडे बघत. मग धडधड. "आलो मी. टाका आता." तोच मालकाचा चेहरा परत आला होता. बाकावर मी एकटीच असूनसुद्धा.

गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले. सकाळी चाफा काढताना, झाडाखाली. फुलं नेणारा टेम्पोवाला हाका मारत वाडीत शिरला, त्याला दिसले. अॅडमिनला कळल्यावर तो सगळा ग्रुप घेऊन आला. त्याला अंत्ययात्रेच्या पुढे गाड्यांचा ताफा लावायचा होता. मी म्हटलं, पुढे नको, मागे राहू. तेवढं त्याने ऐकलं.

बरेच दिवस मी गाडीला हात लावला नाही. मग एका रविवारी निघाले. सबंध रस्ताभर आरसा रिकामा. मी तो फिरवून वाकडा करून ठेवला, त्यात आकाश दिसेल असा. टपरीवर पोचले. मावशीने दूध ओतलं, काडेपेटी घेतली आणि वळणाकडे बघत उभी राहिली.

मी म्हटलं, "मावशी, टाका. ते नाही यायचे आता." आणि मग सांगितलं.

ती खाली बसली. चूल पेटवायची तशीच राहिली. मग म्हणाली, "वळनावर तो आंबा हाय ना, त्याच्याखाली थांबायचा तो. गाडी बंद करून. पहिल्यापासनं. तुम्ही सगळी यायचात तेवापन. तुमाला तुमच्या गाड्यांच्या आवाजात नाय कळायचं, मला कळायचं ना. धडधड यायची, बंद व्हायची. मग मी दूध ओतायची. मग परत चालू व्हायची."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? थांबतो तर थांबतो. मोप झाडं हायत, सावली हाय."

त्या दिवशी मी तिथे फार थांबले नाही. पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. एवढी चाफ्याची फुलं काढून थकून आलेला माणूस, गरम चहा समोर असताना, अलीकडे झाडाखाली उभा राहून काय करत असेल? सुकेळं खात असेल, एवढंच मला सुचत होतं.

काल पुन्हा गेले. वळणावर आंबा आला तशी गाडी त्याच्याखाली घेतली आणि बंद केली. रस्ता तिथे चढावर आहे. टपरीवरून बघितलं तर तिथे नुसती काळी सावली दिसते, एवढी वर्षं मी बघतच होते. पण सावलीतून खाली बघितलं तर फांद्यांच्या मधून समोर टपरी. पत्रा, चूल, तो बाक, सगळं स्वच्छ. बाकावर बसलेल्या माणसाचं तोंड दिसेल इतकं जवळ.

म्हणजे ते आम्हाला बघत होते. वीस जण असताना वीस जणांना, आणि नंतर मला एकटीला, मान वर करून वळणाकडे बघत बसलेली.

मी हेल्मेट काढलं नव्हतं. माझ्या गाडीचा आवाज येऊन बंद झालेला मावशीने ऐकला असणार. ती टपरीतून बाहेर आली, हात पदराला पुसले आणि डोळ्यांवर आडवा हात धरून वर वळणाकडे बघायला लागली. काडेपेटी दुसऱ्या हातात होती. मी तिला दिसत नव्हते. ती आत गेली नाही. एक पाऊल पुढे आली आणि बघत राहिली.

मला लगेच निघायला हवं होतं, तिचं दूध खोळंबलं होतं. मी निघाले नाही. अजून थोडा वेळ तशीच उभी राहिले.